साहेब येतात त्या दिवशी फरशी धुतलेली असते

घंटागाडी आपल्या गल्लीतून कचरा घेऊन जाते, पण ती थेट डम्पिंगवर जात नाही. मध्ये एक ठिकाण असते. छोट्या गाड्या तिथे कचरा ओततात, तो कॉम्पॅक्टरमध्ये किंवा डंपरमध्ये भरला जातो आणि मग शहराबाहेर नेला जातो. सरकारी कागदावर या जागेला 'कचरा हस्तांतरण केंद्र' म्हणतात. पुण्यात लोक त्याला 'रॅम्प' म्हणतात, मुंबईत 'ट्रान्स्फर स्टेशन'. महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा ही मुंबईतली केंद्रे आणि कात्रज, औंध हे पुण्यातले रॅम्प अनेक वाचकांना ठाऊक असतील. लहान शहरांतही नाल्याकाठी किंवा रेल्वेच्या कडेला अशी एखादी जागा असतेच.

आम्ही ज्या वस्त्यांत आरोग्य शिबिरे घेतो, त्यांतल्या काही अशा केंद्राच्या भिंतीला लागूनच आहेत. भिंतीच्या अलीकडे आपली घरे आणि पलीकडे कामावर असतात तीही पुष्कळदा आपलीच माणसे. म्हणून या केंद्राची सरकारी पाहणी कशी होते, कोण करते आणि त्यात वस्तीने काय करायचे, हा आपल्या आरोग्याचा विषय आहे.

मुंबईचे देवनारचे डम्पिंग १९२७ पासून चालू आहे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचऱ्याला मोठी आग लागली, धूर शहरभर गेला आणि पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मग अधिकारी धावले, पाहण्या झाल्या, बातम्या झाल्या. शेजारच्या वस्त्यांनी त्याआधी वर्षानुवर्षे जो धूर गिळला त्याची कुणी अशी दखल घेतली नव्हती. मोठा अपघात होण्याची वाट न पाहता रोजचा त्रास सरकारी दप्तरात कसा जाईल, हा खरा प्रश्न आहे.

त्रास कोणता, आणि तो कसा सांगायचा

केंद्र नीट चालले तर कचरा त्याच दिवशी उचलला जातो, जमीन पक्की असते, कचऱ्यातून गळणारे काळे पाणी टाकीत जाते आणि गाड्या झाकून बाहेर पडतात. नीट चालले नाही तर कचरा रात्रभर पडून राहतो. त्यावर उंदीर, घुशी, माश्या वाढतात. काळे पाणी, ज्याला अधिकारी 'लिचेट' म्हणतात, ते गटारात आणि तिथून नाल्यात जाते. पावसाळ्यात तेच पाणी गल्लीत शिरते.

घुशी-उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम किंवा भेगा असतील तर जंतू तिथून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालल्यावर साबणाने पाय धुवा. पायाला जखम असेल तर ताप येण्याची वाट न पाहता दवाखान्यात जाऊन सांगा, कारण वेळेवर दिलेल्या गोळीने हा आजार टळू शकतो. ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे एकत्र दिसली तर घरी क्रोसिन घेत बसू नका.

कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. या वायूची एक फसवणूक आहे. तो जास्त झाला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. त्यामुळे 'आता वास नाही' याचा अर्थ 'आता धोका नाही' असा होत नाही. काळ्या पाण्याच्या बंद टाकीत कुणीही उतरू नये. मुकादमाने सांगितले तरी उतरू नये, आणि आत पडलेल्याला काढायलाही दोरी-मास्कशिवाय उतरू नये. एकामागून एक जीव जातात ते असेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमुक मुलाचा दमा या केंद्रामुळेच झाला असे कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही. दम्याला घरातली ओल, चुलीचा धूर, विडी-सिगारेट अशी अनेक कारणे असतात. धूळ आणि उग्र वासाने दम्याचा झटका येऊ शकतो, हे मात्र खरे. त्यामुळे अर्जात 'केंद्रामुळे आमची मुले आजारी पडतात' एवढेच लिहिले तर अधिकारी ते एका वाक्यात उडवून लावतो. 'अमुक तारखेला रात्री अकरा वाजता कचरा ओतला, धूळ घरात आली, दोन मुलांना रात्री दवाखान्यात न्यावे लागले, हे त्यांचे केसपेपर' असे लिहिले तर उडवता येत नाही.

पाहणी कोण करते

रोजची देखरेख महापालिकेच्या घनकचरा विभागाची. मुकादम, आरोग्य निरीक्षक, त्यावर सहायक आयुक्त अशी ती उतरंड. त्याशिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. पाण्याचा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा असे दोन कायदे आहेत. या कायद्यांनी मंडळाच्या अधिकाऱ्याला आत शिरून पाहणी करण्याचा, कागद तपासण्याचा आणि नमुने घेण्याचा अधिकार दिला आहे. चूक आढळली तर मंडळ नोटीस देऊ शकते, सुधारणेचे निर्देश देऊ शकते.

२०१६ साली घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत हस्तांतरण केंद्राची व्याख्याच अशी होती की गोळा झालेला कचरा घेऊन तो झाकलेल्या गाड्यांतून किंवा कंटेनरमधून पुढे पाठवणारी जागा. म्हणजे गाडी झाकणे ही मेहेरबानी नव्हे, व्याख्येतच ते आले. कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य बूट, मास्क मिळतात आणि ते वापरले जातात हे पाहण्याची जबाबदारी या नियमांनी पालिकेवर टाकली. प्रदूषण मंडळाने वर्षातून किमान दोनदा अंमलबजावणीचा आढावा घ्यावा, पालिकेने दर वर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा, असेही त्यांत लिहिले. हे सगळे कागद सार्वजनिक आहेत. मागितले तर मिळतात.

एका केंद्रावर आम्ही काय पाहिले

एका शहरातल्या केंद्राची पाहणी होणार असे वस्तीला दोन दिवस आधीच कळले, कारण केंद्रात अचानक टँकर आला. फरशी धुतली गेली, भिंतीकडेने पांढरी पावडर टाकली, कामगारांना कोरे हातमोजे दिले. पाहणीच्या दिवशी आम्ही वस्तीतल्या बायकांबरोबर फाटकाशी उभे होतो. साहेब सकाळी अकराला आले आणि अर्ध्या-पाऊण तासात निघाले. त्यांना स्वच्छ केंद्र दिसले. त्यांनी खोटे काही पाहिले नाही, पण त्या एका सकाळचे केंद्र पाहिले.

एक आजी पुढे झाल्या. म्हणाल्या, "साहेब, सकाळी काय बघताय? रात्री या. आमच्या घरी चहा घ्या आणि मग बघा."

बाकीच्या बायका एकदम बोलायला लागल्या. वास, माश्या, उंदीर, लेकरांचा खोकला, सगळे एकाच वेळी. साहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात एका ताईने घरातून कॅलेंडर आणले. तिने तीन महिने रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. उघड्या गाड्या किती गेल्या, कचरा रात्री उचलला की तसाच राहिला, गटारात काळे पाणी कधी सोडले. दहावीपर्यंत शिकलेल्या त्या ताईने कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय हे केले होते. साहेबांनी एकेक पान उलटून पाहिले, मोबाइलवर फोटो काढले आणि अहवालासोबत जोडतो म्हणाले. दुसरी पाहणी न सांगता, रात्री झाली. काळ्या पाण्याची फुटलेली नाली त्या वेळी पकडली गेली आणि नंतर दुरुस्तही झाली. गाड्या मात्र अजून पुष्कळदा उघड्याच जातात. त्याची नोंद आता चार घरांत होते.

या प्रकरणाला दुसरी बाजूही होती. नोटीस गेली कंत्राटदाराला, पण कात्री लागली कामगारांच्या पगाराला. दंडाची रक्कम म्हणून दोन दिवसांचा रोज कापला गेला. ज्यांचा रोज कापला त्यांतले तिघे त्याच वस्तीतले. एका घरात सासूने तक्रारीवर सही केली होती आणि जावयाचा पगार कापला होता. त्या आठवड्यात विहारात बैठक झाली तेव्हा काहीजण म्हणाले, आता पुन्हा अर्ज नको. बराच वेळ वाद झाला. शेवटी असे ठरले की अर्ज थांबणार नाहीत, पण पुढच्या प्रत्येक अर्जात पहिली मागणी कामगारांची असेल. पगारकपातीविरुद्धच्या अर्जावर वस्तीतल्या बायकांनी कामगारांच्या सोबत सह्या केल्या.

आत काम करणारी माणसे आपली आहेत

म्हणून तक्रार लिहिताना भाषा सांभाळा. 'कामगार कचरा नीट भरत नाहीत' असे लिहू नका. 'कचरा भरायला पुरेशा गाड्या नाहीत', 'कामगारांना हातमोजे-बूट नाहीत', 'हात धुवायला पाणी नाही', 'बाई कामगारांसाठी संडास नाही' असे लिहा. यातले प्रत्येक वाक्य खरे असेल तरच लिहा. कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ मालक म्हणून पालिका जबाबदार असते, हेही अर्जात मांडता येते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचे आरोग्य आणि सुरक्षितता हा दयेचा नव्हे, कायद्याचा विषय आहे ही शिकवण आपल्याला तिथूनही मिळते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांचा लढा वर्षानुवर्षे कोर्टात लढवला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. कागद जपून ठेवणारा, संघटित असणारा कामगार जिंकतो, हे या दोन्ही ठिकाणी दिसले.

कामावर सुई टोचली तर काय करावे, हे प्रत्येक कामगाराच्या घरी माहीत हवे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका, ब्लीच लावू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीपासून बचावाची गोळी शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागते. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तिथे विचारा. कावीळ बी ची लस तीन डोसांची असते: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. ही लस सुई टोचण्याआधी घेतलेली सर्वांत चांगली. पाहणीच्या वेळी अधिकाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा: 'कामगारांना कावीळ बी ची लस दिली का? त्याचे रजिस्टर दाखवा.'

केंद्रात लाल किंवा पिवळ्या पिशव्या दिसल्या तर तारखेसह फोटो काढा. रुग्णालयाचा कचरा या रंगांच्या पिशव्यांत जातो. पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस-बँडेज, लालमध्ये सलाइनच्या नळ्या आणि प्लास्टिक. तो कचरा पालिकेच्या कचऱ्यात मिसळायला बंदी आहे. तो तिथे दिसला तर चूक कामगाराची नाही, कुठल्या तरी दवाखान्याची आहे. पिशवीवरची पट्टी किंवा बारकोड फोटोत आला तर दवाखाना शोधता येतो. पिशवीला हात मात्र लावू नका.

वस्तीची वही

एक शंभर पानी वही घ्या. आत हे रकाने आखा: तारीख, वेळ, काय दिसले, किती वेळ चालले, कुणाला काय त्रास झाला, कोणाला कळवले, काय उत्तर मिळाले. तीन-चार घरांनी पाळी लावून रोज दोन ओळी लिहा. काही घडले नाही त्या दिवशी 'आज ठीक' असे लिहा. ती ओळ फार महत्त्वाची आहे. रोज फक्त वाईटच लिहिलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

अंदाज लिहू नका. 'विषारी वायू सोडला' असे न लिहिता 'डोळे चुरचुरले, कुजलेल्या अंड्यासारखा वास होता' असे लिहा. ऐकलेले लिहायचे झाले तर कुणाकडून ऐकले तेही लिहा. रात्री दहा ते सकाळी सहा हा कायद्याने रात्रीचा काळ आहे आणि निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे गाड्यांच्या आवाजाची वेळ नेमकी लिहिली तर तीही तक्रार होते.

नाल्यातले काळे पाणी बाटलीत भरून अधिकाऱ्याकडे नेले तर ते कोर्टात पुरावा ठरत नाही. कायद्यानुसार अधिकाऱ्याने केंद्रचालकाला सूचना देऊन नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सील करायचे आणि सह्या घ्यायच्या असतात. म्हणून मागणी अशी करा: 'आमच्या वहीतल्या या या वेळी येऊन नमुना घ्यावा.'

कागद मागा

माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखल्याची प्रत जोडली तर शुल्क लागत नाही. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे एवढे मागा:

१. या केंद्राची गेल्या तीन वर्षांत पाहणी झाल्याच्या तारखा व अहवालांच्या प्रती.
२. दिलेल्या नोटिसा आणि त्यावर झालेली कार्यवाही.
३. वजनकाट्याच्या नोंदवहीची गेल्या तीन महिन्यांची प्रत.
४. कामगारांना सुरक्षा साहित्य वाटल्याचे रजिस्टर.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. उत्तर आले की ते आपल्या वहीशेजारी ठेवून वाचा. वजनकाट्यावर रात्री शेवटची गाडी नऊला गेल्याची नोंद असेल आणि वहीत एकची असेल, तर पुढच्या पाहणीत विचारायचा प्रश्न तयार झाला.

वकिलाची गरज पडली तर घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज द्यायचा.

'केंद्र हटवा' म्हणायचे का?

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. लेकराला घेऊन रात्र काढणाऱ्या आईला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण हटवलेले केंद्र कुठे जाईल, याचाही विचार करा. ते मोठ्या सोसायट्यांच्या आवारात जाण्याची शक्यता कमी. बहुतेक वेळा ते दुसऱ्या नाल्याकाठच्या दुसऱ्या वस्तीच्या माथी बसेल, आणि तिथेही आपलीच माणसे असतील. म्हणून आमचे म्हणणे असे की आधी नियमाने चालवा ही मागणी. नियमाने चालवता येत नाही हे वहीने आणि पाहणी अहवालांनी सिद्ध झाले, तर बंद करा ही मागणी. तेव्हा ती मागणी रागाची न राहता पुराव्याची होते.

आपल्या घरातूनही थोडे काम आहे. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा, वर 'सुई' असे लिहा आणि कचरावेचक ताईच्या हातात वेगळी द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. ओला-सुका वेगळा ठेवा. भिंतीपलीकडे ज्याच्या हाताला ते लागणार आहे, तो कदाचित आपल्याच गल्लीत राहतो.

रोजच्या वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. बुद्धांनी धम्मसुद्धा पारखून घ्या असे सांगितले, तर सरकारी अहवाल न पारखता का मान्य करायचा? येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे थांबा. वही कोण घेणार, पाळी कोणाची, अर्ज कोण लिहिणार, एवढे ठरवा. पुढच्या वेळी साहेब येतील तेव्हा फरशी धुतलेली असो की नसो, तीन महिन्यांच्या नोंदी त्यांच्यासमोर उघडून ठेवता येतील.

जय भीम.